लहानपणापासूनच्या चामखिळी आणि उन्हातला कॅन्सर

नमस्कार मंडळी. हातावर एखादी चामखीळ आहे म्हणून हा व्हिडिओ लावला असेल, तर आधी एक ऐका: घाबरू नका. चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे येते आणि बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. मी बोलतेय ते फार थोड्या लोकांबद्दल. त्यांची चामखीळ जातच नाही.

या आजाराचं नाव एपिडर्मोडिस्प्लेझिया व्हेरुसिफॉर्मिस. 1922 मध्ये लेवांडोव्स्की आणि लुट्झ या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. लहानपणीच कपाळावर, मानेवर, हातांवर चपट्या चामखिळी उठतात. छाती-पाठीवर शिब्यांसारखे चट्टे येतात. घरचे म्हणतात, शिबं आहेत, मलम लाव. वर्षं जातात, चट्टे वाढतच राहतात.

हे का होतं? यातले व्हायरस, मुख्यतः 5 आणि 8 नंबरचे, धडधाकट माणसांच्या कातडीवरही सापडतात. शरीर त्यांना दाबून ठेवतं. या रुग्णांत जन्मतःच ती ताकद कमी असते. त्यामागचे दोन जीन 2002 मध्ये सापडले. सदोष जीन आई आणि वडील दोघांकडून आला तरच बहुधा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहेच. आई-बापाला बोल लावायला हे सांगत नाही. एका लेकराला असेल तर बाकीच्या भावंडांची कातडी नीट बघा, एवढ्यासाठी सांगते.

आता ऊन. कापूस वेचणारा, ऊसतोडीला जाणारा माणूस दिवसभर उन्हात असतो, आणि या चट्ट्यांतून पुढे कातडीचा कॅन्सर होतो तो बहुतेक उघड्या राहणाऱ्या जागीच: कपाळ, चेहरा, हात. तोही ऐन कर्तेपणी, विशी ते चाळिशीत. यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या रुग्णांपर्यंत तो होतो. तो सहसा हळू वाढतो, म्हणजे वेळ हातात असतो. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून रानात जाणाऱ्या बायका योग्यच करतात. पुरुषांनीही उपरणं फक्त डोक्याला नको, कपाळ आणि मानही झाकावी.

आणि कृपा करून बिब्बा घालू नका, ॲसिड लावू नका. कातडी भाजते, जखम होते, आणि मग खरी गाठ कोणती तेच कळत नाही. चट्टा जाड झाला, चिघळला, त्यातून रक्त येतंय, महिनाभर जखम भरत नाही, तर तुकडा तपासायला द्या. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे. गाठ लवकर सापडली तर ऑपरेशनने पूर्ण काढता येते. या रुग्णांना लाईट देणं, म्हणजे रेडिएशन, सहसा टाळतात, कारण त्याने नवे कॅन्सर उठू शकतात. म्हणून लहानपणापासूनच्या चट्ट्यांची हकिकत डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा.

संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहेत. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटलही आहे. आणि हो, या माणसाच्या पंगतीला बसल्याने, हात हातात घेतल्याने हा आजार तुम्हाला होत नाही.