चौकशीची चौकशी

मराठीत एक अडचण आहे, ती आधीच दूर करू. सैनिक पकडलेल्या माणसाला प्रश्न विचारतात ती चौकशी, आणि त्या खोलीत काय घडलं हे नंतर शोधायचं तीही चौकशीच. आज पहिलीला 'जबाब घेणं' म्हणू आणि दुसरीला 'तपास'. आपला विषय तपासाचा आहे. त्यासाठी बहा मूसाचं प्रकरण घेऊ, कारण अशा तपासात जे जे हातचं निसटू शकतं ते बहुतेक सगळं या एका प्रकरणात निसटलं.

14 सप्टेंबर 2003 च्या सकाळी इराकमधल्या बसरा शहरात ब्रिटिश सैनिकांनी एका हॉटेलवर छापा घातला. तिथला रिसेप्शनिस्ट बहा मूसा 26 वर्षांचा होता. त्याला आणि इतर काही जणांना क्वीन्स लँकशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनच्या तळावर नेलं. 15 तारखेच्या रात्री तो मेला. ताब्यात घेतल्यापासून सुमारे 36 तासांत. शवविच्छेदनात अंगावर जखमांच्या 93 खुणा मोजल्या गेल्या.

या लोकांच्या डोक्यावर वाळू भरायच्या गोण्या चढवल्या होत्या, काहींना एकावर एक दोन. हात बांधलेले, पाठ भिंतीकडे किंवा गुडघे अर्धे वाकवलेले, झोपू द्यायचं नाही, आणि बाहेर बसऱ्याचा सप्टेंबर. गोणी चढवणं हा छळ आहेच. पण तपास करणाऱ्याने तिच्याकडे आणखी एका नजरेने पाहिलं पाहिजे: गोणी पुरावा नाहीसा करते. मार खाणाऱ्यालाच मारणारा दिसलेला नसतो. मग ओळख परेड घेऊन काय हाती लागणार?

म्हणून गोणीखालून आलेल्या माणसाला 'कोणी मारलं?' हा पहिला प्रश्न विचारू नये. तो अंदाजाने कुणाला तरी दाखवेल, तो अंदाज कोर्टात खोटा ठरेल आणि त्याची उरलेली खरी साक्षही सोबत बुडेल. त्याने ऐकलं काय, ते विचारा. दार कुठल्या बाजूला उघडायचं, पायाखाली फरशी होती की माती, पाळी बदलली की आवाज बदलायचे का, शेजारचा कितव्यांदा कण्हला. बसऱ्यात हा कानाचा पुरावाच फार बोलका निघाला. पहाऱ्यावरचा कॉर्पोरल डॉनल्ड पेन एकेकाला ओळीने मारायचा आणि प्रत्येकाच्या कण्हण्याला 'कॉयर', म्हणजे समूहगान, म्हणायचा. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. पण तपासाच्या दृष्टीने बघा: ओळीतल्या प्रत्येकाने इतरांचे आवाज त्याच क्रमाने ऐकलेले असतात. प्रत्येकाला वेगळं बसवून खोलीचा नकाशा काढायला लावला, की कोण कुठे बसलं होतं हे चेहऱ्यांशिवाय उभं राहतं. दुभाषा मात्र पकडणाऱ्या तुकडीतला नको.

यापुढे कागद. पहाऱ्याचा ड्युटी तक्ता, गेटचं रजिस्टर, रेडिओचं लॉगबुक, डॉक्टरची नोंदवही, जेवणाचा हिशेब: ही सगळी मूळ प्रत पहिल्याच दिवशी सील करायची, झेरॉक्स नव्हे. मूळ पानावर शाई कुठे बदलली, ओळ कुठे घुसडली, ते झेरॉक्सवर दिसत नाही. बसऱ्यात आदेश असा होता की पकडलेल्यांना 14 तासांत किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर मोठ्या नजरबंदी केंद्रात पाठवायचं. म्हणजे 14 तारखेच्या रात्रीच ही माणसं तिथून हलायला हवी होती. ती का हलली नाहीत, हा प्रश्न कोणी मारलं या प्रश्नाइतकाच मोठा आहे आणि त्याचं उत्तर अधिकाऱ्यांकडे असतं, पहाऱ्यावरच्या पोराकडे नाही.

शरीराकडे थोडं जास्त थांबू. ताजा मार वर दिसतोच असं नाही. मांडी, पाठ, कुल्ला इथले खोल वळ एक-दोन दिवसांनी वर येतात, आणि सावळ्या त्वचेवर ते आणखी हुलकावणी देतात. म्हणून तपासणी एकदा करून भागत नाही, 24 ते 48 तासांनी पुन्हा करायची. फोटो तीन: संपूर्ण अंग, तो भाग, आणि जवळून मोजपट्टी ठेवून, कॅमेरा कातडीला काटकोनात. तिरका फोटो वळाची लांबी खोटी सांगतो. रंगावरून वळाचं वय सांगायचा मोह टाळा. पिवळी छटा असेल तर वळ साधारण 18 तासांपेक्षा जुना आहे, एवढंच म्हणता येतं.

लघवी चहाच्या रंगाची झाली असेल तर तातडीने रक्त तपासा. खूप मार बसला की स्नायू फुटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. बहा मूसाबरोबरच्या एकाची मूत्रपिंडं अशीच निकामी होऊ लागली होती. स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारं सीके हे विकर (एन्झाइम) काही दिवसांतच उतरतं. आठवड्याने नमुना घेतलात तर अहवाल नॉर्मल येईल आणि बचाव पक्ष तोच कागद फडकवील.

डॉक्टरने निष्कर्ष लिहिताना छळाच्या खुणा नोंदवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेतल्या, म्हणजे इस्तंबूल प्रोटोकॉलच्या, पायऱ्या वापराव्यात: जखम सांगितलेल्या प्रकाराशी जुळत नाही; जुळते, पण इतर कारणंही शक्य; चांगलीच जुळते; अशा माराची ठरलेली खूण आहे; दुसऱ्या कशाने होणारच नाही. आणि खूण नाही म्हणून छळ झाला नाही, असं कधीच लिहू नये. बसऱ्यातल्या रेजिमेंटच्या डॉक्टरने आपल्याला नाकाशी वाळलेलं रक्त तेवढं दिसलं असं सांगितलं. 2012 मध्ये त्याचं नाव वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं.

मग न्याय? सात जणांवर कोर्ट मार्शल झालं. पेनने अमानुष वागणुकीचा गुन्हा कबूल केला, एक वर्षाची शिक्षा झाली. बाकीचे सुटले. जवानांनी एकमेकांना पाठीशी घातल्याचं खुद्द न्यायाधीशांनी बोलून दाखवलं. मौनाची ही भिंत पुढे निवृत्त न्यायाधीश सर विल्यम गेज यांच्या सार्वजनिक तपासात थोडी फुटली, कारण तिथे दिलेली साक्ष त्या साक्षीदारावरच्या फौजदारी खटल्यात वापरणार नाही, अशी हमी अॅटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराने, दिली होती. पेनने तिथे आपलं जुनं म्हणणं बदललं आणि इतरांनीही मारल्याचं सांगितलं. हा सौदा कडू आहे, सत्य मिळतं आणि शिक्षा दुरावते. माझं मत असं की फौजदारी तपास आधी आणि नेटाने झाला तरच ही हमी द्यावी. इथे तो आधी झाला होता, पण नेटाने झाला नव्हता.

गेज यांचा अहवाल 8 सप्टेंबर 2011 ला आला. गोणी, भिंतीशी उभं करणं, आवाजाचा मारा, झोप तोडणं, अन्नपाणी तोडणं या पाच प्रकारांवर ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांवर ते वापरले गेल्यानंतर 1972 मध्येच बंदी घातली होती. 2003 पर्यंत ती बंदी लष्कराच्या नियमावलीतून आणि प्रशिक्षणातून जवळजवळ पुसली गेली होती, असं अहवालाने दाखवलं. म्हणून तपासाच्या टाचणात मी एक ओळ नेहमी वाढवायला सांगतो: या जवानाला कोणत्या वर्गात, कोणत्या तारखेला, काय शिकवलं, त्याची नोंदवही मागा.

अहवालात 73 शिफारशी होत्या. संरक्षणमंत्र्यांनी 72 मान्य केल्या. नाकारली ती जबाब घेताना अंगावर ओरडण्याच्या पद्धतीवर पूर्ण बंदी घालणारी.