माळ्यावरची काच: कट ग्लास की प्रेस्ड ग्लास?

नमस्कार मंडळी! आपल्याकडे रत्नागिरी-मालवणात जुनं घर पाडायला काढलं की माळ्यावरून काचेची चार भांडी हमखास उतरतात. लगेच कुणीतरी सांगतंच, "बेल्जियमचं कट ग्लास हो, शंभर वर्षांचं!" शंभर वर्षांचं असेलही. कट ग्लास बहुधा नसतं.

(वाडगा कॅमेऱ्याजवळ आणत) नक्षीवरून बोट फिरवा. कट ग्लासची नक्षी चाकावर कापलेली, त्यामुळे कडा बोटाला टोचतात. याच्या कडा बघा, गुळगुळीत. वितळलेली काच साच्यात घालून वरून दट्ट्याने दाबली की असं भांडं निघतं, हेच प्रेस्ड ग्लास. हे दाबयंत्र 1820 च्या दशकात अमेरिकेत आलं आणि नक्षीदार काच स्वस्त झाली.

आता साच्याची रेघ शोधा. साच्यातल्या मोदकाला बाजूने उभी रेघ राहते ना, तशीच. (हाताने कळ्या पाडणाऱ्यांनी माफ करा!) पण चांगले कारखाने भांडं पुन्हा आगीत धरून ती रेघ वितळवायचे. तेव्हा रेघ दिसली नाही म्हणून हुरळून जाऊ नका. आतून हात फिरवा. दट्ट्या सपाट असतो, म्हणून प्रेस्ड ग्लास आतून गुळगुळीत. बाहेर उंचवटा आणि आत तिथेच खळगा लागला, तर ती साच्यात फुंकलेली काच.

वय काढायचं तर भांडं उलटं करा, टॉर्च तिरपा धरा. काचेतच उठवलेला, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छाप म्हणजे इंग्लंडमधली नोंदणी, 1842 ते 1883. त्यानंतर, 1884 पासून, 'आरडी' अक्षरं आणि पुढे नंबर. नंबर साडेतीन लाखांच्या आत असेल तर नक्षीची नोंद एकोणिसाव्या शतकातली. नक्षीची हं, भांड्याची नव्हे. तोच साचा पुढे कितीतरी वर्षं चालायचा. मोराचं डोकं दिसलं तर गेट्सहेडचा सोअर्बी कारखाना. आणि 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलेलं भांडं 1918 च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला. विकणारा काहीही सांगो.

छाप नसेल तर तळाचे ओरखडे बघतात. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याला जिथे ते टेकतं तिथेच बारीक, वेड्यावाकड्या रेघा पडतात. पण ही परीक्षा कोकणात फसते! आपल्या आज्यांनी काचही राखेने घासली. मग ओरखडे अंगभर, काठापासून तळापर्यंत. म्हणून टेकणारी कडा आणि तळाचा आतला खोलगट भाग, दोन्ही शेजारी शेजारी ताडून बघा. कडा जास्त झिजलेली असली तरच ती वापराची खूण. दोन्हीकडे सारखंच असेल, तर ती राखेची करामत.

दुसरी फसगत पांढुरक्या झाकेची. पावसाळ्यात ओल धरून काचेतला क्षार बाहेर येतो आणि काच कायमची धुरकट होते. ते म्हातारपण नाही, दमट हवेचा रोग आहे. चिंच, लिंबू लावून तो जात नाही. भांडी कोरडी करूनच ठेवा, एकात एक घालू नका.

तुमच्याकडचं भांडं दाखवायचंय? वरून सजवून फोटो नको. तळाचा काढा, तिरप्या उजेडात.