मंद्र सप्तकाचं घर

नमस्कार श्रोतेहो.

आज गाण्याचं आणि हृदयाचं नातं बघायचंय, पण आधी एक छोटंसं काम करू. गाडी चालवत असाल तर हे घरी पोचल्यावर करा. बाकीच्यांनी उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी टेकवा. फार दाबू नका. नाडी लागली? आता सावकाश श्वास आत घ्या. आणि त्याहूनही सावकाश सोडा. आणखी एकदा. नीट लक्ष दिलंत तर कळेल, श्वास आत घेताना ठोके जरा जवळजवळ पडतात आणि सोडताना लांबतात. वय वाढतं तसा हा फरक कमी होतो, काही गोळ्यांनीही कमी होतो. त्यामुळे तो जाणवला नाही तर घाबरू नका.

मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची एक नस, म्हणजे निरोप नेणारा मज्जातंतू, आहे. श्वास सोडताना ती हृदयाला ‘सावकाश’ म्हणते. श्वास सोडण्याचा वेळ जितका लांबेल, तितका तिला अवसर मिळतो. आता विचार करा, गाणं म्हणजे तरी काय? पटकन श्वास घ्यायचा आणि तो सुरावर लांबवत, पुरवत सोडायचा. गाणाऱ्याचं हृदय हा व्यायाम रोज करत असतं.

मी मिरजेत हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करते. अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन आलेल्या माणसाला पुन्हा चालतं करायचं, जिना चढवायचा, भीती घालवायची. मिरज तुम्हाला ठाऊक आहे. इथे उपचारांसाठी लांबून माणसं येतात आणि तंबोऱ्यासाठीही येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत जाऊन कारागीर जवारी, म्हणजे तारेतली गुंज, काढताना बघा. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा. एका क्षणी कोरडी वाजणारी तार एकदम गुंजायला लागते.

हाच तंबोरा मी कामात वापरते. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज, या चार तारांचं आवर्तन सावकाश छेडलं तर पाचएक सेकंदांचं होतं. पेशंटला सांगते, एका आवर्तनात श्वास घ्या, दुसऱ्यात सोडा. झाले मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. कुणाला सहा जमले नाहीत तर आठ चालतात, दहाही चालतात. चक्कर आल्यासारखं वाटलं की थांबायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

सहा हा आकडा कुठून आला? इटलीतल्या पाव्हिया इथले डॉक्टर लुचियानो बेर्नार्दी यांनी 23 निरोगी माणसांवर केलेला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही वेळ लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणवून घेतली आणि काही वेळ ‘ओम मणि पद्मे हूम्’ हा मंत्र. दोन धर्म, दोन भाषा, पण दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला. त्या गतीला रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झालेली दिसली. जपाच्या माळेत कित्येक पिढ्यांनी ही लय आपसूक राखली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याच बेर्नार्दींचा 2006 चा अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यात पाश्चात्त्य संगीताचे वेगवेगळे प्रकार होते आणि आपल्याकडचा रागही होता. लय जलद झाली की श्वास, ठोके आणि रक्तदाब वाढले. मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत हे सगळं खाली आलं, अगदी सुरुवातीला होतं त्याच्याही खाली. म्हणून एक विनंती आहे. गाणं संपलं की लगेच दुसरं लावू नका. दोन मिनिटं तसेच बसून राहा.

या विषयाचं एक मूळ आपल्याच मातीत आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होते. घराणं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेव राजाचे हिशेब सांभाळत आणि वैद्यकही जाणत. त्यांच्या ‘संगीतरत्नाकरा’त स्वरांचं विवेचन येण्याआधी माणसाचं शरीर येतं. गर्भ कसा वाढतो, नाद कुठून उठतो, हे ते आधी सांगतात. आणि मग म्हणतात, मंद्र म्हणजे खालचे सूर हृदयात, मध्य म्हणजे मधले कंठात, तार म्हणजे वरचे मस्तकात. हे आजच्या अर्थाने शरीरशास्त्र नव्हे, हे मान्य. पण छातीवर तळहात ठेवून खालच्या षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, गुणगुणून बघा. कंप नेमका कुठे लागतो, ते हाताला कळतं.

आता मनाकडे येते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाच रुग्णांतल्या एकाला गंभीर स्वरूपाचं नैराश्य येतं, आणि ते आलं की हृदयाचं दुखणंही बळावतं. हे दोन वेगळे आजार समजून चालत नाही. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन चांगलं झालं, मग हे बोलत का नाहीत?’

एस.टी.त ड्रायव्हर म्हणून हयात घालवलेले एक काका होते. बायपास झालेली, टाके भरलेले, रिपोर्ट चांगले. पण कॉरिडॉरमध्ये दहा पावलं टाकली की भिंत धरून उभे. मुलीने प्रेमाने मोबाइलवर तासन्‌तास बासरी लावून ठेवलेली. कुणीतरी सांगितलं होतं, अमुक राग हृदयाला चांगला. काका वैतागलेले. मी विचारलं, ‘काका, तुम्हाला काय आवडतं?’ थोडे लाजले आणि म्हणाले, ‘ताई, आम्ही ढोलकीवाले.’ मग ढोलकीच्या तालावरची गवळण लावली. कोपऱ्यावर वळताना त्यांचा पाय समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला आणि ते स्वतःच हसले. त्या दिवशी भिंतीला हात लागला नाही.

त्या अमुक रागाच्या याद्या तुमच्याही मोबाइलवर येत असतील. या रागाने रक्तदाब, त्या रागाने मधुमेह. त्यांच्यावर विसंबू नका. कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या रुग्णांवरच्या 26 चाचण्यांचा, एकूण 1369 रुग्णांचा एक मोठा आढावा 2013 साली आला. संगीताने चिंता कमी होते, वरचा रक्तदाब आणि नाडी थोडी उतरते, असं त्यात दिसलं. फायदा माफक होता, पण रुग्णाने स्वतः निवडलेलं संगीत अधिक उपयोगी पडलं. माझं म्हणणं सरळ आहे: गाणं तुमच्या आवडीचं, लय वेळ पाहून. चालायला ढोलकी हवी तर ढोलकी. झोपायच्या आधी मात्र त्याच आवडीतलं काहीतरी संथ.

आणि जमेल तसं स्वतः गा. आवाज चांगला नाही म्हणून गप्प बसू नका. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की समूहात एका सुरात गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकत्र चढते, एकत्र उतरते, कारण ओळ संपते तिथे सगळे मिळूनच श्वास घेतात. आपल्या भजनी मंडळात दर गुरुवारी दुसरं काय होतं? आणि जात्यावर बसलेल्या बायका? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो साठा लाखाच्या वर गेला. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं मूल, जे कुणाला सांगायची सोय नव्हती ते पहाटे जात्याला सांगितलं गेलं. घरोघरची जाती गेली, याचं दुःख नाही, त्यात कंबर मोडत होती. पण मोकळं होण्याची ती जागा गेली, तिच्या बदल्यात आपण बायकांना काय दिलं? भजनाला जाते म्हणणाऱ्या सुनेला अडवू नका.

आवाजाचं भान ठेवा. इस्पितळाभोवतीचं शंभर मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवलेलं असतं, तिथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर आमच्या खिडक्यांखालून जातात, तेव्हा आत नुकतं ऑपरेशन झालेली माणसं असतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, तेवढा पट्टा तरी स्पीकर बंद ठेवा.

आणि हे नीट ऐका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, असं काहीही झालं तर तंबोरा नको, श्वासाचा सरावही नको. लगेच 108 ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसता थकवा, मळमळ एवढंच असू शकतं, ते अंगावर काढू नका. गाण्याने बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका, ती डॉक्टरांना विचारूनच.

घरी कुणी नुकतं इस्पितळातून आलं असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा, तुम्हाला काय ऐकायचंय? ते म्हणतील ते लावा. आणि आवाज कमीजास्त करायचं बटण त्यांच्याच हातात द्या.

नमस्कार.