शाई संपायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

छापून बाहेर आलेल्या पानावर अक्षरांच्या मधूनच एखादी बारीक पांढरी रेघ गेलेली तुम्ही पाहिली असेल. किंवा काळी अक्षरं पानाच्या शेवटी शेवटी करडी होत गेलेली. आपण म्हणतो, असू दे, वाचता येतंय ना, अजून दहा पानं निघतील. आज मला त्या रेघेबद्दलच बोलायचं आहे. प्रिंटरमधली शाईची डबी, म्हणजे कार्ट्रिज, पुन्हा भरून वापरता येणार की कचऱ्यात जाणार, हे बहुतेक वेळा त्या रेघेनंतरच्या पानांवर ठरतं.

माझ्या घरी प्रिंटर जवळजवळ रोज चालतो. सरावाच्या प्रश्नपत्रिका, नकाशे, अर्ज. सुरुवातीला मी कार्ट्रिज पार कोरडं होईपर्यंत वापरायचो आणि मग शाई भरायला बसायचो. भरलेलं कार्ट्रिज वजनाला जड लागायचं, पण कागदावर काही उमटायचं नाही. मला वाटायचं, शाई वाईट असणार. मग प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांना विचारलं. त्यांनी कार्ट्रिज उजेडात तिरकं धरलं, खालच्या सोनेरी पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शाई चांगली आहे हो, हेड जळलंय. संपल्यावर भरायचं नसतं, संपायच्या आधी भरायचं."

हेड जळतं म्हणजे काय होतं? ज्या कार्ट्रिजच्या तळाशी तांब्याचे ठिपके आणि बारीक छिद्रांची पट्टी, म्हणजेच हेड, असते, त्यात प्रत्येक छिद्रामागे एक अतिसूक्ष्म हीटर असतो. तो क्षणभर तापतो, इतका की त्याला लागून असलेल्या शाईचा पापुद्रा तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास जाऊन उकळतो. त्याचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा समोरचा थेंब बाहेर ढकलतो. असं एका सेकंदात हजारो वेळा चालतं. आता, या हीटरला थंड कोण ठेवतं? मागून येणारी शाईच. ती आली नाही तर हीटर कोरडा तापतो आणि जातो. म्हणून पांढरी रेघ दिसली की छपाई तिथेच थांबवा. तातडीचं एक पान काढायच्या नादात कार्ट्रिज गमावू नका.

ही बुडबुड्याची युक्ती कॅनन कंपनीत १९७७ साली कशी सुचली, ते ऐकण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेला सोल्डरिंगचा रॉड चुकून लागला आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. पुढे त्यातूनच बबल जेट तंत्र उभं राहिलं. आपण रिफिल करताना हातात सिरिंज घेतो, तेव्हा मला हे हमखास आठवतं.

सगळ्याच प्रिंटरचं असं नसतं. एप्सनच्या प्रिंटरमध्ये हीटर नसतो. तिथे विजेचा दाब पडला की किंचित वाकणारे पिझो स्फटिक शाई ढकलतात आणि हेड प्रिंटरच्या आतच कायमचं बसवलेलं असतं. तिथे हेड जळत नाही, पण शाई संपू दिली तर हवा आत शिरते. ती काढायला हेड पुन्हा पुन्हा साफ करावं लागतं. म्हणजे प्रकार वेगळा असला तरी कारागिरांचं सांगणं तिथेही लागू पडतंच.

आता प्रत्यक्ष भरण्याकडे येऊ. टेबलावर जुन्या वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या अंथरा, हातमोजे घाला. तीनरंगी कार्ट्रिज असेल तर वरचा स्टिकर हळूच उचला. खाली छोटी छिद्रं दिसतील. कुठल्या छिद्रात कुठला रंग, हे अंदाजाने कधीही ठरवू नका, आकृती पाहूनही नाही. प्रत्येक छिद्रात स्वतंत्र टूथपिक घाला, आतल्या स्पंजला टेकवा, बाहेर काढून पांढऱ्या कागदावर घासा. निळा, किरमिजी, पिवळा, जो उमटेल तो त्या कप्प्याचा रंग. मी एकदा ही पायरी गाळली आणि पिवळ्याच्या कप्प्यात किरमिजी सोडली. त्यानंतर महिनाभर माझ्या नकाशांतली वाळवंटं नारिंगी निघत होती. पिवळा रंग फार लवकर बाटतो, म्हणून त्याला जास्त जपा.

सुई स्पंजमध्ये तळाजवळपर्यंत न्या आणि शाई अगदी सावकाश सोडा. लहान तीनरंगी कार्ट्रिजच्या एका कप्प्यात जेमतेम दोनेक मिलिलिटर मावते, त्यामुळे सिरिंजवरच्या रेघा बघत राहा. घाई केली तर स्पंजमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि कार्ट्रिज भरलेलं असूनही मधेच छापायचं थांबतं. छिद्राच्या तोंडाशी ओली चमक दिसली की पुरे, उलट थोडी शाई मागे ओढून घ्या. स्पंज शाईला मागे धरून ठेवतो, म्हणून ती खालून ठिबकत नाही. काठोकाठ भरलं की ती पकड सुटते.

भरून झालं की टिश्यू पेपरची घडी कोमट पाण्याने किंचित ओली करा आणि कार्ट्रिजची छिद्रांची बाजू तिच्यावर काही सेकंद टेकवा, घासू नका. तीन वेगळ्या, स्वच्छ पट्ट्या उमटल्या तर काम जमलं. दोन रंग एकमेकांत मिसळलेले दिसले, तर कोरडी घडी घेऊन पुन्हा टिपा. तांब्याचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा. स्टिकर परत लावताना एक भान ठेवा. झाकणावर हवेसाठी नागमोडी खाच असते, ती चिकटपट्टीने बुजवू नका. शाई बाहेर पडते तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर अर्ध्या पानात छपाई फिकी पडते.

शाई कोणती घ्यावी? शाईचे दोन प्रकार असतात. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. अनेक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, म्हणून अक्षरं ठसठशीत येतात, आणि रंगीत शाई डायची. हे दोन प्रकार एकत्र आले तर शाईच्या गुठळ्या होऊन नोझल, म्हणजे हेडची बारीक छिद्रं, बुजू शकतात. म्हणून बाटलीवर आपलं मॉडेल आहे का ते बघा आणि एकदा निवडलेली शाई उगाच बदलू नका. जपून ठेवायचे फोटो असतील तर मात्र मी कंपनीचीच शाई वापरा म्हणेन. स्वस्त डाय शाईतले रंग उजेडात लवकर विटतात, आणि तिथे वाचवलेले पैसे पुढे अंगाशी येतात.

भरून झाल्यावरही प्रिंटर म्हणतो, शाई संपली. घाबरू नका. बहुतेक कार्ट्रिजमध्ये शाई प्रत्यक्ष मोजली जात नाही. प्रिंटर किती थेंब टाकले त्याचा हिशोब ठेवतो, आणि तुम्ही शाई भरली हे त्या हिशोबाला कळलेलं नसतं. काही प्रिंटरमध्ये स्टॉपचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ही सूचना बंद होते. काहींमध्ये कार्ट्रिजवरची चिप बदलावी किंवा रीसेट करावी लागते. काही कंपन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यांच्या चिपची कार्ट्रिजं अडवतात. एचपी त्याला डायनॅमिक सिक्युरिटी म्हणते, पण त्यांची मूळ चिप असलेलं रिफिल केलेलं कार्ट्रिज चालतं, असं तेच सांगतात. म्हणून जुनं मूळ कार्ट्रिज फेकू नका, त्याची चिप मोलाची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. मला हा निकाल मनापासून पटतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली, ती पुन्हा भरायची की नाही हे आपण ठरवावं.

आणि श्रोतेहो, शाई न भरताही वाचते. प्रिंटर भिंतीवरच्या स्विचने बंद करू नका, त्याच्या स्वतःच्या बटणाने करा. मगच हेड जागेवर जाऊन टोपीखाली बसतं, नाहीतर ते उघड्यावर वाळतं. हेड क्लीनिंगची आज्ञा पुन्हा पुन्हा देऊ नका. त्यात गेलेली शाई कागदावर न येता प्रिंटरच्या तळातल्या पॅडमध्ये जिरते, आणि ते पॅड भरलं की अनेक प्रिंटर कामच थांबवतात. एक-दोनदा करून उपयोग झाला नाही तर काही तास थांबा, शाई आपोआप खाली उतरते. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एखादं छोटं चित्र छापा. कच्च्या प्रतींसाठी कमी शाईत छापणारा ड्राफ्ट मोड पुरतो.

रोज पन्नास-शंभर पानं छापायची असतील तर सिरिंजच्या वाटेलाच जाऊ नका. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात पहिल्यांदा टाकीवाला प्रिंटर आणला, आणि आता इतर कंपन्याही तसे बनवतात. बाटलीने शाई ओतायची, पातळी बाहेरून दिसते. प्रिंटर घेताना महाग पडतो, पण पानामागचा खर्च खूपच कमी येतो. महिन्याला दहा-वीस पानं छापणाऱ्याला मात्र त्याची गरज नाही, त्याला सिरिंज आणि थोडा धीर पुरे.

तेव्हा आज घरी गेलात की नोझल चेकचं, म्हणजे सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणाऱ्या रेघांच्या जाळीचं, एक पान काढून बघा. जाळीतली एखादी रेघ तुटलेली दिसली तर आज काही छापू नका, शाईची बाटली बाहेर काढा.

नमस्कार.