गाठीच्या वर

(दृश्य : बांबूची रांझी, म्हणजे बेट. बुंध्याशी वाकलेला माणूस, हातात कोयता.)

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंडांचं गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्याने २००६ मध्येच बांबूला गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, ठरवलं होतं, तरी वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडला. कागद झाला. आता प्रश्न कोयत्याचा : बांबू तोडायचा कसा?

(दृश्य : एकाच रांझीतले तीन वयांचे बांबू.)

यंदाच्या पावसाळ्यात उगवलेला तो करला. अंगावर पांढरट भुकटी, गाठींना कोषपानं, म्हणजे कोंबाला झाकणारी सालपटं, चिकटलेली. दुसऱ्या वर्षाचा माहिला. त्यापुढचा पाक्या. तोडायचा तो पाक्याच, आणि तोही सगळा नाही. कोवळ्या बांबूंना वादळात टेकायला काही ठेवावे लागतात. नवे कोंब, म्हणजे इथले वास्ते, मुख्यतः करला-माहिलाच्या कंदातून फुटतात. तेच कापले तर पुढच्या पावसात रांझी रिकामी.

गोम अशी, की कंद बाहेरच्या अंगाला सरकत जातो. त्यामुळे कोवळे बांबू कडेला आणि पाक्ये मधोमध. नगावर मजुरी मिळणारा माणूस हाताला येईल ते, म्हणजे कडेचंच कापतो. आत जुने बांबू गुंततात, कोंबांना जागा उरत नाही. म्हणून नवी वाढ नसलेल्या बाजूने वाट काढायची आणि आतले पाक्ये ओढून घ्यायचे. वरून पाहिलं तर रांझी घोड्याच्या नालेसारखी दिसते.

(दृश्य : खुंटाचा जवळून दिसणारा काप.)

काप जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरवर, गाठीच्या लगेच वर. दोन गाठींच्या मध्ये कापलं तर पेला तयार होतो. त्यात पाणी साचून कुज कंदापर्यंत उतरते. फार वर कापलं तर खुंटांची गर्दी होते, पुढच्या वेळी हात आत जात नाही. पावसाळ्यात तोड बंद. त्या रांझीकडे पुन्हा तीन-चार वर्षांनीच.

पुस्तकी नियमही चुकतात. कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये काटेरी बांबूच्या बुडाची काटेरी जाळी साफ केली जायची, कोंबांना मोकळीक मिळावी म्हणून. गावकरी म्हणत, काट्यांमुळेच कोंब गुरांपासून वाचतात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी तपासलं. गावकरी बरोबर निघाले.

(दृश्य : जळालेला पाला, तेंदूची झुडपं.)

मानवेल बांबू काही दशकांतून एकदा फुलतो आणि वाळतो. मग सगळी मदार बियांवर. रोपं कोवळी असताना वणवा लागला तर सगळं संपलं. आणि तेंदूला विडीसाठी लागणारी नवी पानं फुटावीत म्हणून जंगलात आगी लावल्या जातात, झुडपं छाटली जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने म्हणूनच तेंदूपान तोडणं थांबवलं आणि बांबूवर भर दिला. ज्यांच्या वाट्याला बांबू नाही, तेंदूच्या हंगामावरच ज्यांचं वर्ष निघतं, त्या गावांना हा निर्णय इतका सोपा नाही.