रांजणावरचे डोंगर

नमस्कार श्रोतेहो!

आज एका रांजणाबद्दल बोलायचंय. रांजण कोरियातला. पोट सुटलेला, मातकट तपकिरी. तिकडे त्याला ओंगी म्हणतात. किमची, सोयाबीनची खारी पेस्ट, मिरचीचा आंबवलेला लाल ठेचा असं वर्षभराचं सगळं त्यात मुरत ठेवतात. भाजल्यावर त्याच्या मातीत अगदी बारीक छिद्रं राहतात. पाणी गळत नाही, पण हवा खेळती राहते. म्हणून कोरियन माणूस म्हणतो, ओंगी श्वास घेते.

पुढे फ्रीज आले, प्लास्टिकचे डबे आले आणि ओंगी घडवणारे हात कमी होत गेले. ली कांग-ह्यो हे कोरियन कुंभार मात्र मुद्दाम तिकडेच वळले. जन्म १९६१चा, शिक्षण सोलच्या होंगिक विद्यापीठात. एवढं शिकून हा माणूस गेला कुणाकडे, तर ओंगी घडवणाऱ्या जुन्या कारागिरांकडे! मला याचंच फार कौतुक वाटतं.

त्यांना काम करताना बघावं. मनगटाएवढा जाड मातीचा दोर खांद्यावर टाकलेला. तो चाकावरच्या कडेवर चढवत जायचं, आतून लाकडी ठोकळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटण्यानं ठोकत भिंत उंच न्यायची. आतून आधार, बाहेरून थाप, हे आपल्या कुंभारालाही नवं नाही.

खरी गंमत यानंतर आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात कोरियात बुन्चोंग नावाची भांडी होत. करड्या मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप. १५९२ साली जपाननं स्वारी केली, त्या युद्धात कितीतरी कुंभार पकडून जपानला नेले आणि बुन्चोंगची परंपरा तुटली. लींनी तो लेप उचलला आणि थेट ओंगीवर आणला. राजवाड्याची नाही, परसातली ओंगी!

कुंचला बाजूला. कोरियन ढोलांचं संगीत लावलेलं. ओंजळीत लेप घेऊन ते रांजणाभोवती फिरतात, ओंजळ रिकामी करतात, पुन्हा भरतात. ओल्या लेपातून बोटं ओढतात. कोरियन भाषेत निसर्गचित्राला ‘सान्सू’ म्हणतात, म्हणजे डोंगर आणि पाणी. इथे डोंगर कुणी काढलेला नसतो. लेप जिथे दाट बसला तिथे धुकं उतरतं, बोटं फिरली तिथे कडा दिसतो आणि ओघळ सुटला की सरळ खाली तळापर्यंत पाऊस.

तो ओघळ ली पुसत नाहीत. तसाच भट्टीत जातो.