मॉर्फिनची भीती आणि स्ट्रिपवरची बारीक अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार.

कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. एवढं कडक औषध, आतडी जाळून टाकेल, रक्त पडेल, अशी भीती वाटते. मग मॉर्फिनची स्ट्रिप कपाटात राहते आणि दुखणं सोसवेना म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही साधी वाटणारी दुखण्यावरची गोळी येते. हे नेमकं उलटं झालं. जठराला व्रण पाडणारी गोळी ही दुसरी, म्हणजे डायक्लोफेनॅक आहे.

कारण समजून घ्या. जठरातलं आम्ल जठराच्याच भिंतीला लागू नये म्हणून तिच्यावर बुळबुळीत थर असतो. तो टिकवण्याचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, ॲस्पिरिन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात. त्याने सूज आणि दुखणं उतरतं, पण भिंतीचं संरक्षणही जातं. व्रण खोल जाऊन रक्तवाहिनीपर्यंत पोचला की रक्तस्राव सुरू होतो. मॉर्फिन, ट्रामाडॉल, कोडीन, फेंटानिल ही ओपिऑइड गटातली औषधं मुख्यतः मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतात. ती प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेला जात नाहीत.

‘जेवून गोळी घेतली की पोटाला काही होत नाही,’ असं सर्रास सांगितलं जातं. जेवणानंतर मळमळ, जळजळ कमी वाटते, एवढंच खरं. औषध रक्तात शिरून प्रोस्टाग्लँडिन थांबवतंच. म्हणूनच ‘गोळी नको, इंजेक्शन द्या’ या हट्टानेही जठर वाचत नाही. डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शननेही व्रण पडू शकतो.

मग ओपिऑइड घेणाऱ्याला रक्तस्रावाचा धोका येतो कुठून? पहिली जागा म्हणजे एकत्र औषधांची गोळी. ट्रामाडॉल आपल्याकडे दोन प्रकारच्या जोडीत मिळतं. एका गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. दुसरीत ट्रामाडॉलबरोबर डायक्लोफेनॅक असतं. वरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. स्ट्रिप उलटी करा, उजेडात धरा आणि बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी ‘फेनॅक’, ‘प्रोफेन’ किंवा ‘प्रोक्सेन’ दिसलं तर ती जठराला त्रास देणाऱ्या गटातली समजा. पण केटोरोलॅकसारखी नावं या खुणेत बसत नाहीत, म्हणून शंका आली की विचाराच. अशी जोडगोळी चालू असताना गुडघ्यासाठी वेगळी असेक्लोफेनॅक घेतली, तर एकाच गटातली दोन औषधं पोटात गेली. दुखणं दुपटीने कमी होत नाही, धोका मात्र वाढतो.

दुसरी जागा ट्रामाडॉलची स्वतःची आहे. हे औषध सेरोटोनिनवरही काम करतं, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना सेरोटोनिन लागतं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन कमी करतात. त्यांच्या जोडीला डायक्लोफेनॅकसारखं काही आलं की जठरातून रक्त जाण्याचा धोका आणखी वाढतो. याच औषधांबरोबर ट्रामाडॉल घेतलं तर आकडीचे झटके येण्याचीही भीती असते. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाला वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ट्रामाडॉल सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, वाढू शकतो. तेव्हा काही दिवसांतच तो तपासून घ्यायला हवा, पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. ओपिऑइडमुळे व्रणाचं दुखणं जाणवेनासं होतं. मळमळ झाली तर ‘मॉर्फिनमुळे होतंय’ म्हणून सोडून दिली जाते. वयस्कर माणसांत तर पहिलं लक्षण पोटदुखी नसून थेट चक्कर असू शकतं.

आणि बद्धकोष्ठता. ओपिऑइडने आतड्यांची हालचाल मंदावते, आणि इतर त्रासांसारखी ही सवयीने कमी होत नाही. खडा झालेल्या मळाने गुदद्वाराशी चीर पडते, मूळव्याधीतून रक्त येतं. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून रेचक हवं. डॉक्टर बहुधा रात्री बिसाकोडिल किंवा सोनामुखीची गोळी देतात, गरज पडल्यास लॅक्टुलोजही. इसबगोल इथे नको. ते पाणी शोषून फुगतं, आणि आतडं पुढे ढकलतच नसेल, रुग्ण पाणी कमी पीत असेल, तर तोच गोळा अडकून बसतो.

डायक्लोफेनॅकच्या गटातली गोळी खरोखर लागणारच असेल आणि रुग्ण पासष्टीच्या पुढचा असेल, आधी अल्सर झालेला असेल, किंवा ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारं औषध अथवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल, तर जठराच्या संरक्षणाचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. पँटोप्राझोल ४० किंवा ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतात. जेवणावर घेतलं तर परिणाम कमी होतो. ही औषधं जठर आणि त्यापुढचा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग सांभाळतात, पुढच्या आतड्याला त्यांचा उपयोग नाही. जळजळीवरचं पांढरं औषध घोटभर पिऊन व्रण टळत नाही.

आता खुणा. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट आणि नेहमीपेक्षा वेगळ्याच उग्र वासाची झाली, तर रक्त वरून, जठराकडून येतंय. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती चिकट नसते, हिरवट झाक असते. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या भुकटीसारखे कण दिसले, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगाला गार घाम सुटला, नाडी जोरात धावू लागली, तर सकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा. रुग्णाला कुशीवर झोपवा. पाणी, दूध, काहीही तोंडाने देऊ नका, कारण दुर्बीण घालून व्रणातलं रक्त थांबवायचं तर जठर रिकामं हवं. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या. मॉर्फिन चालू असेल तर ते शेवटचं किती वाजता दिलं तेही सांगा. ते एकाएकी बंद करायचं नसतं, डोस कसा द्यायचा ते डॉक्टर ठरवतील.